अर्धा तास द्या हो

शांतता हवी म्हणून हेमांगीने नागावचं हॉटेल घेतलं, आणि नशीब बघा, खिडकीखालच्या हिरवळीवरच कुणाची तरी हळद! भरदुपारी डीजे सुरू. काचा नुसत्या थडथडत होत्या.

तिच्या वडिलांना, अण्णांना, घशाचा कॅन्सर होता. परवा, सोमवारी, ऑपरेशन. स्वरयंत्रच काढायचं होतं. हेमांगीला सातवा महिना. बाळाला आजोबांचा आवाज ऐकायला मिळावा, एवढाच तिचा हट्ट. माणगावच्या घरी हायवेचे हॉर्न आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ, म्हणून ही धावपळ. आणि अण्णांचा आवाज तरी कसला! एस.टी. स्टँडवर तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारलेला. अख्खा तालुका ओळखायचा. घरी मात्र हा माणूस मुखदुर्बळ. कुणी व्हिडिओ काढतंय म्हटलं की उठून जायचा. आता दहा मिनिटं बोललं तरी आवाज बसायचा.

हॉटेलचं तर काय सांगावं! टॉवेल नाहीत, चहा आला तो गार, वर साय धरलेली. रिसेप्शनला तीनदा फोन केला. तीनदा तेच, "हो मॅडम, सांगतो त्यांना." सांगतोय कसला, कर्माचा!

"खोली तरी बदलून द्या."

"सगळं फुल आहे, मॅडम."

शेवटी तिने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "बोला, अण्णा."

"बाळा, मी तुझा आजो..." धाड धाड धाड! पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. अण्णा उठले.

"थांब, मीच सांगून येतो."

"नका ना अण्णा, ओरडावं लागेल तुम्हाला!"

"ओरडतो कशाला? माइक आहे की तिथे."

फोन पलंगावर टाकून ती पोट सांभाळत मागून धावली. पोचते तोवर अण्णांनी माइक हातात घेतलेला. डीजेवाल्याला वाटलं, असतील नवरीकडचे कुणी; त्याने गाणं थांबवलं.

"कृपया इकडे लक्ष द्या," अण्णा म्हणाले. आवाज असा खणखणीत लागला की हेमांगी जागच्या जागी थबकली. "परवा माझा आवाज जाणार आहे. मला माझ्या नातवंडाशी बोलायचंय. अर्धा तास द्या हो. हात जोडतो."

लोकांना वाटलं, काहीतरी गंमत आहे. शिट्ट्या वाजल्या. "आजोबा, एक गाणं होऊन जाऊ द्या!" अण्णांनी पुन्हा तोंड उघडलं, पण नुसती हवा आली. कुणीतरी हसत हसत माइक काढून घेतला आणि गाणं सुरू झालं.

त्या संध्याकाळी अण्णांचा आवाज परत आला नाही. रविवारीही नाही. सोमवारी ऑपरेशन झालं.

चौथ्या दिवशी दवाखान्यात तिने फोन उघडला. त्या दुपारी रेकॉर्डिंग बंद करायचं राहूनच गेलं होतं. आधी डीजे, मग अचानक सगळं थांबलं आणि खिडकीतून आलेले अण्णा, शब्दन् शब्द स्पष्ट. हात जोडतो. मग शिट्ट्या.

अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. मग वही ओढून लिहिलं, "बाळाला हे ऐकवू नको. भीक मागितल्यासारखं वाटतं."

"बरं, अण्णा," ती म्हणाली. पण ते पुसायला काही तिचं बोट उठेना. दुसरं होतंच काय हो तिच्याकडे!