शिळेवरची सुंदरबाई

मित्रांनो, दगडाला आठवण नसते असे ज्यांना वाटते, त्यांनी जरा सरळ बसावे आणि ऐकावे. मी एक जुनी छापशिळा आहे. माझा जन्म जर्मनीतल्या एका खाणीत झाला. जहाज, रेल्वे आणि शेवटी बैलगाडी असा प्रवास करून मी कारंजा लाडला पुंजाजींच्या छापखान्यात आले. अंगाने पिवळसर, गुळगुळीत. आणि वजनाने अशी की मला उचलायला दोन गडी लागत.

आधी माझे काम समजून घ्या. माझ्या पाठीवर चरबीच्या शाईने मजकूर उलटा काढत. मग मला भिजवून शाईचा रूळ फिरवत. ओला दगड शाईला झिडकारी, चरबीची रेघ तिला धरून ठेवी. वर कागद दाबला की सारे सुलट उमटे. काम संपले की वाळू आणि पाणी घालून मला घासत, आणि मी पुन्हा कोरी होई. अडतीच्या पावत्या, मंदिराच्या उत्सवपत्रिका, लग्नपत्रिका, असे कितीतरी मी वाहिले आणि विसरले. "माही शिळा लोण्यावाणी हाय," असे पुंजाजी गिऱ्हाइकांना सांगत. ती स्तुती मला आवडे, हे मी लपवत नाही.

१९५४ च्या उन्हाळ्यात हेमसिंग आमच्याकडे आला. कामरगावजवळच्या तांड्यातला हा तरुण अमरावतीला चित्रकला शिकत होता. सुटीत एखाद्या खऱ्या मालाचे लेबल, वेष्टण आणि पेटीवरचा छाप तयार करून आणावा, अशी त्याच्या मास्तरांची आज्ञा होती. त्याच आठवड्यात हिंगोलीकडचा एक दारूचा गुत्तेदार छापखान्यात आला. त्याला नव्या बाटलीसाठी 'राणी छाप' लेबल हवे होते. पुंजाजींनी ते काम हेमसिंगला दिले.

हेमसिंगने प्रथम मोर काढला.

"मोर तर आगपेटीवर बी असतो," गुत्तेदार म्हणाला. "मला बाई पाहिजे. बाटली हातात घेतली की वाटलं पाहिजे, ती आपल्याकडंच बघायलीय."

"कोणती बाई?"

"मला काय इचारतो? चित्रकार तू का मी?"

तीन दिवस हेमसिंग माझ्यासमोर बसून होता. बाटलीच्या गळ्याची पट्टी झाली, मोहाच्या पानांची किनार झाली, पेटीवरचा मुकुटही झाला. मधली जागा मात्र रिकामीच राहिली. चौथ्या दिवशी त्याचा हात आपोआप चालू लागला. ओढणीची कड आली, कपाळ आले, डाव्या गालावरचे गोंदणाचे तीन ठिपके आले. मग डोळे आले. ते डोळे उघडले तेव्हा, मित्रांनो, भर दुपारी माझे अंग थंड पडले.

ती त्याची थोरली बहीण सुंदरबाई होती. दोन वर्षांपूर्वी ती तापाने गेली. तिला दवाखान्यात न्यायला गाडी आणतो म्हणून गेलेला तिचा नवरा दारूच्या गुत्त्यावरच झोपला, आणि ती दाराकडे पाहत राहिली. तिचा एकही फोटो नव्हता. जगात तिचा चेहरा उरला होता तो भावाच्या बोटांत. भावाने तो दारूच्या बाटलीसाठी काढला, आणि काढून झाल्यावरच त्याला कळले की आपण काय केले. त्याने तो पुसला मात्र नाही. इतके चांगले चित्र त्याच्या हातून पूर्वी कधीच झाले नव्हते.

त्यात त्याची आणखी एक चूक झाली. अक्षरे त्याने काळजीपूर्वक उलटी काढली, आरसा धरून तपासली. चेहरा मात्र मनात होता तसाच सुलट काढला. त्यामुळे लेबलावर चेहरा उलटला आणि गोंदण उजव्या गालावर गेले. गुत्तेदाराला त्याचे काय? तो खूश झाला, आणखी लेबले लागतील म्हणाला, म्हणून पुंजाजींनी ते चित्र माझ्यावर न घासता तसेच ठेवले. अमरावतीच्या मास्तरांनी ते लेबल वर्गाच्या भिंतीवर लावले.

दिवाळीच्या सुटीत हेमसिंग परत आला, तेव्हा गुत्तेदाराची आणखी दहा हजार लेबलांची मागणी येऊन पडली होती. शाई घोटणे चालू असतानाच दारात त्याची आई हिरीबाई उभी राहिली. तिने पदराखालून रिकामी बाटली काढली आणि माझ्याशेजारी ठेवली.

"याडी!" हेमसिंग दचकून म्हणाला. तांड्यात आईला याडी म्हणतात.

"लग्नात पोट्टे पिऊन राह्यले होते. त्याहीच्या हातातून घेतली मी," हिरीबाई म्हणाली. "गोंदण उलट्या गालावर हाय. म्हणून चार दिवस मी मनाले समजावलं, का ही आपली नोहे. पण घरात कुठंबी बसली तरी ही माह्याकडंच पाह्यते. सांग, कोण हाय ही?"

हेमसिंगने आईचा हात धरून तिला माझ्यासमोर आणले.

माझ्यावर गोंदण डाव्या गालावर होते. हिरीबाईने तीनही ठिपक्यांना एकेक करून बोट लावले. "हे मी गोंदवून घेतले होते तिचे," ती पुटपुटली. "लई रडली होती. मी जिलेबी देल्ली होती तिले." मग तिने विचारले, "हिच्यावरून अजून बाटल्यांचे कागद निघनार?"

"दहा हजार, माय," पुंजाजी म्हणाले. "गुत्तेदाराले जबान देल्ली हाय मी. आन् पाह्य, घासलं का गेलं. मंग हे तोंड पुन्हा येत नाई."

"मी कागदावर काढून देतो, याडी," हेमसिंग घाईने म्हणाला.

"काढ."

त्याने तीन कागद काढले. तिन्हींवर देखण्या बायका उमटल्या. सुंदरबाई एकाही कागदावर आली नाही. त्याने चौथा कागद घेतला, तेव्हा हिरीबाईने तो कागदच काढून घेतला.

"राहू दे. ती एका दारुड्यापायी मेली. आता मी तिले घराघरात दारू वाटाले पाठवू काय? भाऊ, वाळू कुठं हाय?"

पुंजाजींनी वाळूची पाटी पुढे सरकवली.

हिरीबाईने मला स्वतः घासले. लेकीला न्हाऊ घालावे तशी, कपाळापासून सुरुवात करून. डोळे तिने शेवटी ठेवले. तिचे अश्रू वाळूत पडत होते, पण हात थांबला नाही. गुत्तेदाराला नंतर मोराचे लेबल गेले.

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. पण दोन महिन्यांनी माझ्यावर लग्नपत्रिका छापली, तेव्हा वधूच्या नावाखाली दोन फिकट डोळे उमटले. मला पुन्हा घासले. पुढे हळदीकुंकवाच्या पत्रिकेवर तीन ठिपके आले. तिसऱ्यांदा घासले, तरी कागदावर कुणी पाहतच होते. लोक पत्रिका परत आणू लागले. ज्या पुंजाजींनी मला लोणी म्हटले, त्यांनीच मला मागच्या अंगणात टाकले.

ही गोष्ट हिरीबाईच्या कानावर गेली. मग दर बाजाराच्या दिवशी ती येई आणि माझ्यावर तांब्याभर पाणी ओती. ओली झाले की माझा रंग गडद होई आणि चेहरा वर येई. "आली का माय?" ती विचारी. ऊन चढले की चेहरा विरून जाई, आणि ती आपली बाजाराची पाटी उचलून निघे.

असे सहा महिने चालले. मग एका बाजारी ती हेमसिंगला घेऊन आली. तांब्या भरलेला होता, पण तिने तो ओतला नाही.

"दर आठ दिवसाले उठवतो आपन तिले," ती म्हणाली. "आन् ती उठते. आईनं बलावलं का येनारच ते पोर. आता निजू दे." दोघांनी जोर लावून मला उलथले आणि माझी पाठ मातीकडे केली.

त्या दिवसापासून मी अशीच आहे. मित्रांनो, तुमच्या हातात कला असेल, तर कुणाचा चेहरा कशावर लावता याचा आधी विचार करा. मेलेल्या माणसाला नको म्हणता येत नाही. आणि एखाद्या जुन्या अंगणात पालथी पडलेली पिवळी शिळा दिसली, तर तिच्यावर बसा, खेळा, धान्य वाळवा. फक्त तिला उलथून पाहू नका.