मधली खुर्ची

"डावा साफ मुका नाही, पण पुटपुटतो," श्यामसुंदर फोनवर म्हणाले.

"काका, आमच्या माणसानं तुमच्यासमोरच लावून दिलेत स्पीकर. वायर बदलून बघा," दुकानदार म्हणाला.

"बघतो. दुरुस्ती गिऱ्हाइकानंच करायची, हे पावतीवर छापत जा."

फोन आपटला खरा, पण मनात शंका होतीच. जुन्या स्पीकरांचा डावाही असाच पुटपुटायला लागला, म्हणून तर हे नवे घेतले होते. आणि संध्याकाळी मंडळी यायची होती.

दर रविवारी कोथरूडच्या त्यांच्या घरच्या हॉलमध्ये चार-पाच निवृत्त माणसं गाणं ऐकायला जमत. कोणाकडेही नवे स्पीकर आले की ते कुठे ठेवायचे, भिंतीपासून किती पुढे, किती आत वळवायचे, हे श्यामसुंदरच ठरवत. दोन्ही स्पीकरांसमोर मधोमध एक खुर्ची मांडायची आणि तिच्यात फक्त यांनी बसायचं. बायकोलाही तिथे बसायची मुभा नव्हती. अशा माणसांचा राग येतो, आणि का कोण जाणे, लोभही वाटतो.

कॉलेजात त्यांनी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. दोष शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्यांनी पोरांच्या डोक्यात अगदी भिनवलं होतं. त्यांनी वायर बदलली. डावीकडे पुटपुटच. मग कंबर सांभाळत डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे नेला. मघापर्यंत खणखणीत वाजणारा स्पीकर डावीकडे जाताच पुटपुटू लागला. अॅम्प्लिफायरच्या मागच्या जोडण्याही उलटसुलट करून झाल्या, तरी पुटपुट डावीकडेच.

बदलण्यासारखी आता एकच गोष्ट उरली होती. त्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसले.

आता दुसरा पुटपुटत होता.

त्यांनी डाव्या कानाशी चुटकी वाजवली. मग पुन्हा, जोरात. त्यांना भीती वाटली, लहान मुलाला वाटते तशी. घाईघाईनं उठून त्यांनी बॅलन्सचं बटण फिरवून डावीकडचा आवाज वाढवला, तसं गाणं बरोबर मधोमध आलं. सुटलो, असं वाटलं.

वासंतीबाई ओले हात पुसत बाहेर आल्या. "अहो, सगळं गाणं एका बाजूला कलंडलंय."

श्यामसुंदर खुर्चीत बसले. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाहीये."

"माहितीये. दिवाळीपासून मी जेवायला तुमच्या उजव्या हाताला बसते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असतात, तूच हळू बोलतेस."

ते खरंच तेच म्हणाले असते.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," त्या म्हणाल्या आणि बॅलन्सचं बटण पुन्हा मधे आणून ठेवलं.

संध्याकाळी मंडळी जमली. "मास्तर, बसा आता खुर्चीत," जुने सहकारी रंगनाथ म्हणाले. "निकाल सांगा."

श्यामसुंदर खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"माझा डावा कान गेलाय," ते म्हणाले. "आजपासून हिला विचारायचं."

रंगनाथांनी कप अलगद खाली ठेवला.

"काहीतरीच तुमचं!" वासंतीबाई म्हणाल्या, पण आल्या. खुर्चीच्या कडेवर अवघडून टेकल्या. गाणं सुरू झालं, तशा हळूहळू मागे रेलल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"डावीकडचा भिंतीला फार चिकटलाय का हो? आवाज घुमतोय."

श्यामसुंदर पुढे झाले. सगळ्यांदेखत त्यांनी वाकून स्पीकर थोडा पुढे ओढला. मग खुर्चीपाशी येऊन उजवा कान वासंतीबाईंच्या तोंडाजवळ नेला.

"आता?"

"अजून थोडा."

ते पुन्हा वाकले.