चेनच्या पिशव्या

देवराज मोहल्ल्यात शिंप्यांच्या घरांना काय तोटा? त्यातल्या एका घरात मात्र सुईच्या जोडीला करवत नांदत होती. रंगरावांच्या आजोबांनी, वडिलांनी, काकांनी जन्मभर कापडच कापलं. यांनी ऐन तरुणपणी गळ्यातली टेप काढून खुंटीला लावली आणि झाडं कापायला लागले. कापायचंच आहे तर जरा मोठं कापू, असं म्हणायचे. भाऊबंद पोट धरून हसले. पण म्हैसुरात जुन्या झाडांना काही कमी नाही, रोज कुणाच्या तरी कंपाऊंडवर फांदी झुकलेली असते, आणि रंगरावांचं बरं चाललं. घराण्याची शिवण त्यांच्या बायकोनं, वसंतानं, धरून ठेवली.

रंगरावांकडे पेट्रोलवर चालणाऱ्या दोन करवती, एक मोठी, एक लहान. करवतीच्या पात्याभोवती दातांची चेन फिरते आणि तीच लाकूड कापते. ती बोथट झाली की काढून दुसरी चढवायची, म्हणून जादा चेनी जवळ बाळगाव्या लागतात. आता या चेनी माणसानं नीट ठेवाव्यात की नाही? रंगरावांनी सगळ्या एका तेलाच्या जुन्या डब्यात कोंबलेल्या. धारेच्या, बोथट, मोठ्या, लहान, सगळ्यांचा असा गुंता की गारुड्याची पेटी परवडली. सकाळी तो डबा मांडीवर घ्यायचा, तोंड दाराकडे करून गप्पा मारायच्या आणि आत हात घालून चाचपायचं. रोज एखादं बोट कापलेलं. वसंता हळद दाबत दाबत कटकट करायची, डोळे काय विठोबाला वाहिलेत का, बघून हात घातला तर काय बिघडतं? रंगराव नुसते हसायचे. हसणाऱ्या माणसापुढं कुणाचं काय चालतं!

शेवटी तिनंच पदर खोचला. नाकाला फडकं बांधून एकेक चेन रॉकेलमध्ये धुतली, पुसली, तेल लावलं. मग कपाटातली चिंधकं काढून पिशव्या शिवल्या. मोठ्या करवतीच्या चेनींना युनिफॉर्मची जाड खाकी, लहानीच्या चेनींना मऊ मखमल. चेन धारेची असेल तर पिशवीच्या तोंडाशी बटण, बोथट असेल तर बटण नाही. दारामागं खिळे ठोकून सगळ्या ओळीनं टांगल्या. संध्याकाळी रंगरावांनी त्या ओळीवरून हात फिरवला. खाकी, मखमल, बटण. पुन्हा एकदा फिरवला. मग म्हणाले, "वसंता, हे फार चांगलं केलंस ग."

लग्नापासून तिच्या शिवणीला 'बरं आहे' याच्या पुढं शब्द न खर्चणारा हा माणूस! वसंता त्या दिवशी स्वयंपाकघरात उगीच गुणगुणत होती. बोटं कापायची थांबली, हळदीचा डबा फळीवर परत गेला, आणि तिला वाटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

पुढच्याच आठवड्यात धाकटा दीर वेंकोबा कॉफीला आला. दोघा भावांचं काम जोडीचं. वेंकोबा झाडावर चढतो, फांदीला दोर बांधतो आणि बाजूला सरकतो. रंगराव शिडीवरून खालच्या अंगानं करवत लावतात. ती एकदा सुरू झाली की कानठळ्या बसतात, हाक मारून उपयोग नाही. म्हणून सगळा कारभार हातावर. मूठ दाखवली की काप, पंजा दाखवला की थांब. वेंकोबा बशीत कॉफी ओतत मजेनं सांगू लागला, काल हिनकल गावात एका झाडावर गंमत झाली. दोर अजून सैल होता, तो त्याच फांदीवरून पंजा दाखवतोय, दाखवतोय, आणि अण्णांची करवत आपली चाललीच आहे. शेवटी माकडासारखी उडी मारून त्यानं दुसरी फांदी धरली. अण्णा म्हणतात, ऊन डोळ्यावर होतं. सांगून तो खो खो हसला.

वसंताला हसू आलं नाही. तिचा पाय शिलाई मशीनवरच थांबला. वेंकोबाची मुलगी स्पंदना यंदाच कॉलेजात जायला लागली होती, आणि घरात मिळवता हा एकटा.

त्या दिवसापासून ती नवऱ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघू लागली. पिशवी काढताना ते भिंतीकडे बघतच नव्हते. कपाचा कान आधी बोटांनी शोधत, मग उचलत. मागं एकदा तिनं डोळे दाखवून येऊ म्हटलं होतं, तर म्हणाले होते, दवाखान्याची पायरी चढलो की मोहल्लाभर होईल, झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा तिनं ते थट्टेवारी नेलं होतं. आता तिला स्वतःचाच संताप आला. रोज सकाळी त्यांची कापलेली बोटं तिला ओरडून सांगत होती, आणि तिनं काय केलं? त्या बोटांचं तोंड बंद केलं, तेही मखमलीनं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

सोमवारी बेळगोळला एका कारखान्याच्या आवारातलं भलं मोठं झाड उतरवायचं होतं. रविवारी दुपारी वसंतानं सगळ्या पिशव्या काढल्या आणि अंगणात बसून उसवायला घेतल्या. दुसऱ्याची शिवण उसवणं वेगळं. आपल्याच हातची, चांगली बसलेली, नवऱ्यानं वाखाणलेली शिवण उसवायची म्हणजे जिवावर येतं. प्रत्येक टाक्याला तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. झाल्यावर तिनं उन्हात पांढरी चादर अंथरली, त्यावर चेनी सुट्या सुट्या मांडल्या आणि नवऱ्याला हाक मारली.

रंगराव आले आणि सवयीनं वाकले. तिनं त्यांचं मनगट धरलं.

"हात नको. उभ्या उभ्याच सांगा. मोठ्या करवतीची चेन कुठली?"

"बेडा ग, वसंता." नको म्हणायचं झालं की ते कानडीत शिरत.

"सांगा."

ते बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिले. मग बोट दाखवून म्हणाले, "ती काय, उजवीकडची."

उजवीकडे तिची कात्री पडली होती.

"साकु," वसंता म्हणाली. "बस झालं. ती कात्री आहे माझी."

रंगराव पायरीवर बसले. आता चिडतील असं तिला वाटलं होतं, पण ते चिडले नाहीत.

"मला वाटलं, तुला कळलंय," ते म्हणाले. "वेगवेगळं कापड, वर बटण. डोळस माणसाला कशाला लागतंय ते? मी म्हटलं, हिनं सगळं ओळखलं आणि वर 'जावा' म्हणाली. म्हणून तर धीर आला ग. नाहीतर मी त्याच महिन्यात हे काम सोडणार होतो."

वसंताला एकदम सांगावंसं वाटलं की मला काही ठाऊक नव्हतं, मी नुसती बोटं कापतात म्हणून शिवल्या. पण हिनकलची ती उडी चुकली असती, तर हे बोलणं घेऊन ती वेंकोबाच्या दारात कुठल्या तोंडानं गेली असती?

"तेव्हा कळलं नव्हतं," ती म्हणाली. "आता कळलंय. आता नको म्हणते."

मग मी काय करू, काजं करत बसू का, असं त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. तिनं जवळ बसून सांगितलं, उद्या दवाखान्यात जाऊ, मोतीबिंदू असला तर निघेल. नसला तर काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि तिनं तसं स्पष्ट सांगितलं. "पण झाडाला फांदी परत फुटते हो," ती म्हणाली, "वेंकोबा नाही फुटणार."

रंगरावांनी खिशातून फोन काढला, त्यावर अंगठा फिरवला आणि तिच्या हातात दिला. तिनं वेंकोबाला लावून दिला.

"वेंकोबा, उद्या झाडावर चढू नको," ते म्हणाले. तिकडून त्यानं करवत बिघडली का म्हणून विचारलं असावं.

"करवत चांगली आहे रे. मला तुझा हात दिसत नाही. बरेच दिवस झाले, दिसत नाही."