पुलावरची टिकटिक

व्हर्लिनने तारेला दोन पीळ दिले आणि टायमिंग चेन आपल्या मोटारसायकलच्या हँडलला बांधून टाकली. चेन हातून सुटली तर थेट इंजिनाच्या पोटात जाते, आणि मग तिला बाहेर काढायला अर्धं इंजिन उघडावं लागतं.

"घट्ट बांध," डेल्बर्ट म्हणाला. "तळ्यावर तुझी गाठ पाहिलीय मी. मासा आरामात निघून गेला होता."

"लहान होता तो."

"सुटलेला मासा लहान होता म्हणणारा अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये तू एकटाच असशील."

डेल्बर्टने सारी उमर गवळ्यांची दूध काढायची यंत्रं दुरुस्त करण्यात घालवली होती. आता त्याच्या गोठ्यात गाई नव्हत्या, मित्रांच्या गाड्या असत. त्याने जुना कॅमशाफ्ट, झडपा उघडणारा तो उंचवट्यांचा दांडा, अलगद उचलून दिव्याखाली धरला. एका उंचवट्याच्या टोकाला बारीक खड्डे पडले होते, आणि खाली ओघळलेल्या तेलात लोखंडाचा कीस चमकत होता.

"तुझ्या गाडीने उन्हाळा काढला नसता," तो म्हणाला. "आणि तू म्हणे, नुसता आवाजच तर येतो."

आवाज मात्र वर्षानुवर्षं येत होता. इंजिनाच्या डोक्यातली ती टिकटिक गावात सर्वांच्या ओळखीची होती. व्हर्लिन चीजच्या कारखान्यापाशी वळला, की शिलाईमशीन आलं असं माणसं म्हणत. तोही हसे. लग्नाआधी या गाडीवरूनच तो मार्लिसला पहिल्यांदा नाचाला घेऊन गेला होता. एवढ्या जुन्या गाडीच्या वाट्याला चिडवाचिडवी यायचीच.

नवा कॅमशाफ्ट त्यांनी कापडाने पुसला, तेलाने माखला आणि चेनखालून हळूच आत सरकवला. डेल्बर्टने एका गुडघ्यावर बसून चेनच्या दातेरी चाकावरची खूण इंजिनाच्या कडेशी जुळवली.

"एक दात मागे घे. अजून नाही, लेका, अजून नाही. हां."

पान्याने इंजिन हळूहळू फिरवताना दोघांचेही डोळे त्या खुणेवर होते. आतली झडप सावकाश उघडली, सावकाश मिटली, आणि ती खूण जिथून निघाली होती तिथेच परत आली. शेवटी टॅपेट, म्हणजे झडपेवरची फट जुळवणं. त्या फटीत मोजमापाच्या फीलर गेजची पातळ पात सरकवून व्हर्लिनने ती ओढून पाहिली. मिटलेल्या पुस्तकातून एखादं सुटं पान ओढावं, तशी ती किंचित अडत बाहेर आली.

गाडी सुरू झाली. डेल्बर्टने कानामागे हात धरला.

"ऐक."

"काही ऐकू येत नाही."

"तेच ऐक."

घरी परतताना रस्त्याकडेच्या चरांत शेवटचा बर्फ मळकट होऊन पडला होता. इंजिन एखाद्या शांत झोपेच्या लयीत चालत होतं. व्हर्लिनला वाटलं, आपलंही वय एवढ्याशा दुरुस्तीने असं हलकं झालं असतं तर. अंगणाखालचा लाकडी पूल त्याने नेहमीसारखा हळू ओलांडला आणि चढ चढून शेडसमोर आला.

दार बंद होतं.

तो थांबला. दार बंद असण्यात नवल काही नव्हतं. दारं बंदच असतात. पण हे सरकतं दार आपण शेवटचं कधी उघडलं, ते त्याला आठवेना.

मार्लिस स्वयंपाकघराच्या पायरीवर आली. हात पिठाने भरलेले होते. गेल्या काही वर्षांत तिच्या नजरेतून प्रत्येक गोष्टीचा मधला भाग पुसला जाऊन केवळ कडा उरल्या होत्या, त्यामुळे ती सर्वांकडे मान जराशी वळवून पाही. तसंच आता तिने त्याच्याकडे पाहिलं.

"कोण पाहिजे आपल्याला?" ती म्हणाली. "व्हर्लिन घरी नाहीये. येईलच एवढ्यात."

त्याला हेल्मेट काढायला नको तितका वेळ लागला.

"मीच आहे गं."

"अगंबाई." ती हसली, पण पायरीवरून उतरताना तिचा हात कठड्यावर नेहमीपेक्षा जास्त रेंगाळला. "आवाजच नाही गाडीला. डेल्बर्टने कमाल केली म्हणायची."

तिने चाचपडत दाराची मूठ शोधली आणि दार सरकवलं. मुठीभोवतीचा रंग तळहाताएवढ्या जागेत पार उडून गेला होता. त्यावर पिठाचा ताजा ठसा उमटला. व्हर्लिन तो पाहत राहिला.

सकाळी इंजिन थंड असताना त्याने टॅपेटचं झाकण काढलं. पेटीतून फीलर गेज घेतलं, पाती पंख्यासारख्या पसरल्या आणि काल वापरलेल्या पातीपेक्षा थोडी जाड निवडली. नट सैल केला, स्क्रू अगदी जरासा फिरवला, पात ओढून पाहिली, नट पुन्हा आवळला. एवढ्या फटीने इंजिनाचं काही बिघडत नाही. ते फक्त बोलू लागतं.

मग तो ताजं चीज आणायला कारखान्यावर गेला. तिथल्या पोरी काउंटरमागून हसल्या, तेव्हा त्याने टोपीला हात लावून मान तुकवली.

परतताना पुलावर त्याने गाडी आणखी हळू केली. फळ्यांच्या खडखडाटावर टिकटिक स्पष्ट उमटत होती. चढ संपला तेव्हा शेडचं दार सताड उघडं होतं, आणि मुठीवर हात ठेवून, मान किंचित वळवून मार्लिस उभी होती.

"डेल्बर्टला काही जमलेलं दिसत नाही," ती म्हणाली. "पुन्हा तीच टिकटिक."

"वय झालं त्याचं. त्याच्यापाशी काही बोलू नकोस, वाईट वाटून घेईल."

"मी कशाला बोलू?"

ती बाजूला सरकली, बरोबर हँडलच्या रुंदीएवढी.