बिर्येरचं माचाण

बिर्येर माझा धाकटा भाऊ. गेल्या हिवाळ्यात अंगणातलं बर्फ ओढता ओढता फावड्यावरच कोसळला आणि गेला. त्याला पुरून आठवडा होत नाही तोच गावात त्याच्या माचाणाची चर्चा सुरू झाली. दलदलीच्या काठचं ते लाकडी माचाण म्हणजे आमच्या शिकारी टोळीतली सगळ्यात चांगली जागा. कुठूनही एल्क हरीण उठवा, बेटा शेवटी तिथूनच जाणार. आमचा म्होरक्या सिक्स्टेन ती जागा आपल्या जावयाला, येस्परला, द्यायला टपून बसला होता.

आणि अशात माझी भावजय इंगालिल, जिने आयुष्यात कोंबडीपलीकडे काही मारलं नव्हतं, तिने गुपचूप शिकाऱ्याची परीक्षा दिली. पासही झाली. टोळीच्या बैठकीत उभी राहून म्हणाली, "बिर्येरच्या माचाणावर मी बसणार."

मी कपाळावर हात मारला. आमचं सख्य तसं विळ्याभोपळ्याचंच. ती अखंड बोलते आणि मला शांतता लागते. मी कुत्री घेऊन जंगलात जाते ती त्यासाठीच. पण सिक्स्टेन ज्या पद्धतीने हसला ते मला आवडलं नाही.

"बस बाई," तो म्हणाला. "या वर्षी बघू. जमलं तर जागा तुझी. नाही जमलं तर येस्पर आहेच."

सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी उजाडता उजाडता आम्ही शेकोटीभोवती जमलो. इंगालिल बिर्येरचा कोट घालून आली होती, बाह्या दोनदा दुमडलेल्या. कॉफीचा पेला तिने दोन्ही हातांत धरला होता आणि तोंड, नवलच, बंद होतं.

बायकोने, बार्ब्रोने, विणलेली टोपी सारखी करत सिक्स्टेनने दरवर्षीचं पुराण लावलं. "मी रेडिओवर सांगेपर्यंत कोणी आपली जागा सोडायची नाही. मुतायला नाही, बोरं खायला नाही. जो हलला तो टोळीतून गेला, मग तो माझा बाप का असेना!"

"तुझा बाप तर झोपायचा माचाणावर," होकान म्हणाला, आणि सगळे हसले.

मी तूवाला घेऊन उत्तरेकडून शिरले. तूवा माझी कुत्री, गावातल्या निम्म्या माणसांपेक्षा शहाणी. दलदलीवर दाट धुकं होतं. थोड्याच वेळात तिचं भुंकणं ऐकू आलं, एका जागी, ठाम. म्हणजे एल्क तिने अडवून धरला होता. मी दबकत जवळ गेले. भला थोरला नर, घोड्याहून उंच, शिंगं पसरट फावड्यांसारखी. माझा वास लागताच तो उधळला आणि सरळ इंगालिलच्या दिशेने निघाला.

"येतोय तुझ्याकडे," मी रेडिओवर कुजबुजले. "मोठा आहे. घाई करू नकोस."

मी थांबले. बार ऐकायला जिवाचा कान केला. मला वाटलं होतं, ही बाई बसली काय आणि घरी गेली काय, मला काय त्याचं! पण खरं सांगते, त्या वेळी मी दात आवळून म्हणत होते, मार गं, मार.

बार झालाच नाही.

तूवाच्या मागोमाग मी टेकाडावर चढले. इंगालिलच्या माचाणासमोर दलदल आहे आणि दलदलीपलीकडे हे बुटकं टेकाड, माचाणाच्या उंचीचंच. माथ्यावर नराच्या खुरांचे खोल ठसे होते. तो इथे चांगला उभा राहिला होता, आडवा, छाती उघडी टाकून. आंधळ्याचाही नेम लागला असता.

आणि त्या ठशांच्या अगदी मागे, कोवळ्या झाडांत, सिक्स्टेन उभा होता.

त्याची जागा खाली ओढ्यापाशी. तिथून इथवर तो चालत आला होता. चेहरा राखेसारखा झाला होता. बंदूक त्याने जमिनीवर ठेवली होती.

"तू इथे काय करतोयस?" मी विचारलं.

"मला वाटलं, तिला जमायचं नाही," तो पुटपुटला. "एवढा नर हातचा जाईल. म्हणून मागून..."

मी माथ्यावरून पलीकडे पाहिलं. धुक्यातून इंगालिलचं माचाण समोरासमोर दिसत होतं. तिने चाप ओढला असता आणि गोळी एवढीशी चुकली असती किंवा आरपार गेली असती, तर ती ह्याच्याच छातीत बसली असती.

"आस्ता," तो म्हणाला, "तू काही पाहिलं नाहीस."

"माझे डोळे अजून शाबूत आहेत. मांस वाटून होईपर्यंत तू सांग. नाही तर मी सांगेन, आणि मी कसं सांगते ते तुला माहीत आहे."

दुपारी होकानने एक तरुण नर पाडला, त्यामुळे दिवस फुकट गेला नाही. पण शेकोटीपाशी सॉसेज भाजताना सगळ्यांनी इंगालिललाच धारेवर धरलं.

"झोप लागली होती का?" येस्परने विचारलं.

"नाही. नेम धरला होता."

"मग? त्याच्याशी गप्पा मारायच्या राहिल्या होत्या?"

"त्याच्या मागे गोळी अडवायला माती नव्हती," ती म्हणाली. "नुसतं धुकं आणि आभाळ. गोळी कुठे जाईल ते मला दिसत नव्हतं."

"अगं, त्या बाजूला कोण असणार? कोल्हेसुद्धा नसतात!" होकान म्हणाला. तो वाईट माणूस नाही, पण जीभ सैल. "बिर्येरने त्याच जागेवरून दोन पाडलेत, मागे आभाळ असताना. पुस्तकातली शिकार ही अशीच व्हायची."

इंगालिलने मान खाली घातली. कोटाची एक बाही सुटून तिच्या बोटांवर आली होती, तीही तिने वर केली नाही. येस्परने सासऱ्याकडे बघून डोळा मारला. सिक्स्टेन विस्तवात काडी खुपसत राहिला. त्याच्या टाळक्यात कॉफीची किटली घालावी असं मला फार वाटलं. आणि दुसरंही वाटत होतं, ते जास्त बोचत होतं. होकान खरं बोलत होता. तिथे माझा भाऊ असता तर त्याने बार काढला असता.

संध्याकाळी मांस कापून झालं. आमच्या खाटीकखोलीत वाटणीची जुनी रीत आहे. टेबलावर सारखे ढीग लावायचे. म्होरक्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. वयाने सगळ्यात मोठं माणूस, म्हणजे मी, एका ढिगावर काठी ठेवून विचारतं, "हे कोणाचं?" आणि म्होरक्या न बघता नाव घेतो. म्हणजे कोणाला फऱ्याचा तुकडा गेला नि कोणाला बरगड्या, भांडण नाही. शिकाऊ माणसाला पहिल्या वर्षी ढीग नसतो, रश्शापुरती हाडं मिळतात. इंगालिल हाडांसाठी पिशवी घेऊन दाराशी उभी होती.

"हे कोणाचं?"

"होकानचं."

"हे कोणाचं?"

"येस्परचं."

असं करत सगळे झाले. शेवटचा ढीग उरला, तो अर्थातच त्याचा. मी काठी ठेवली आणि जरा जोरातच विचारलं, "हे कोणाचं?"

त्याने कपाळ भिंतीला टेकवलं. पाठ तेवढी वरखाली होत होती.

"इंगालिलचं," तो म्हणाला.

"मामा, तो तुमचा आहे," येस्पर हसला.

"माझा वाटा नाही." सिक्स्टेन भिंतीशीच बोलत होता. बहुधा म्हणूनच त्याला बोलता आलं. "मी जागा सोडली होती. टेकाडावर त्या नराच्या मागे मी होतो. मीही बंदूक उचलली, आणि त्याच्या पायांमधून मला माचाण दिसलं. तिचा कोट दिसला. ती माझ्यावरच रोखून बसली होती. मग खाली आली तिची नळी. माझी तिच्याआधी खाली नाही आली. उद्यापासून म्होरक्या दुसरा बघा. माचाण तिचं आहे."

येस्परच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच वाळलं. होकानने टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना.

इंगालिल पिशवी टाकून पुढे आली. मला वाटलं, आता ही बोलणार, रात्रभर बोलणार, आणि आज मी तिला गप्प करणार नव्हते. पण ती त्याच्या पाठीमागे जाऊन नुसती उभी राहिली. रडत होती.

"बोट चापावर होतं माझं," ती म्हणाली. "मनात आलं होतं, बिर्येर असता तर मारला असता. दोनदा आलं."

सिक्स्टेनचे खांदे हलले. मी दोघांत पडणार होते, पण तिने हात वर करून मला थांबवलं. मग बिर्येरच्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि सिक्स्टेनच्या खांद्यावर हात ठेवला.

"घरी जा, सिक्स्टेन," ती म्हणाली. "बार्ब्रो वाट बघत असेल."