घरधनी आणि पाहुणे

मी आठवीतच शाळा सोडलेली, आणि सासूबाई तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. काय पण जोडी जमली बघा! लग्नाला वीस वर्षं झाली तरी माझ्या इंग्रजीवरून एखादा टोमणा मारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही.

मी हॉस्पिटलच्या धुलाई विभागात आहे. चादरी, गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे, अठरा वर्षं हेच. यंदा नवं मोठं मशीन आलं आणि साहेबांनी फर्मान काढलं, मशीनचं इंग्रजी पुस्तक वाचून जो नीट समजावून सांगेल तोच इन्चार्ज. जुन्या मशीनवर एकीचा हात भाजला होता, त्यामुळे त्यांचंही चुकत नव्हतं. पण माझ्यासमोर उभी कोण, तर जिला चादरीची घडी घालायला मीच शिकवलं ती डिग्रीवाली पोरगी! आता तिच्या हाताखाली राबायचं? त्यापेक्षा नोकरी सोडते, म्हणून मी घरी येऊन आकांडतांडव केलं.

"ओरडून इंग्रजी येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "कागद आण."

शब्द मला येत होते हो. डोअर, वॉटर, ड्रम, रोजचेच. पण वाक्य लांब झालं की शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरायची. सासूबाईंनी एक लांबलचक वाक्य लिहिलं, कात्रीनं त्याचे तुकडे केले आणि गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी टांगले.

"यातला एकटा उभा राहील असा कोणता? तो घरधनी. बाकीचे त्याच्या भरवशावर आलेले पाहुणे. आधी घरधन्याला भेट. मग एकेका पाहुण्याला विचार, बाबा रे, तू कधीचं सांगतोस, का सांगतोस, कुणाबद्दल सांगतोस?"

दीड महिना दोरीवर कपड्यांना जागा नव्हती. नवरा म्हणाला, "माझा शर्ट कुठे वाळत घालू?" सासूबाई म्हणाल्या, "अंगावर." घरधनी म्हणून मी पाहुण्यालाच धरलं की त्या कपाळाला हात लावायच्या. मीही हट्टाला पेटले होते.

परीक्षेला साहेबांनी विभागातल्या सगळ्या बायकांसमोर दोघींना मशीनच्या पुस्तकातलं एकच वाक्य दिलं, अडीच ओळींचं. पोरीनं ते फाडफाड वाचलं.

"म्हणजे काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"लाल दिवा विझला की दार उघडायचं," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. माझी पाळी आली. अडखळत वाचलं, आणि म्हटलं, "साहेब, कात्री मिळेल का?"

सगळे खो खो हसले. मी कागद कापायला घेतला तशी साहेब खुर्चीतून उठलेच. "अहो बाई, परीक्षेचा कागद आहे तो!"

"म्हणूनच कापतेय," मी म्हटलं.

इस्त्रीच्या टेबलावर तुकडे मांडले आणि एकावर बोट ठेवलं. "दार उघडायचं नाही. हा घरधनी. कधी उघडायचं नाही? लाल दिवा विझला, पण ड्रम अजून फिरतोय, तेव्हा. कुठवर? आतलं पाणी पूर्ण उतरेपर्यंत. कसलं पाणी? उकळतं असू शकतं असं. दिवा विझला म्हणून हुरळून जायचं नाही, साहेब!"

"शंभर टक्के बरोबर," साहेब म्हणाले आणि मला इन्चार्ज करायच्या कागदावर तिथंच सही केली. बायकांनी टाळ्यांनी खोली डोक्यावर घेतली. मी ढसाढसा रडले, आनंदानं रडले, त्यात लाजायचं काय? सासूबाईंना फोन केला. "मला माहीतच होतं," म्हणाल्या, आणि टोमणा मारायचा विसरल्या.

सोमवारी मशीन सुरू झालं. लाल दिवा विझला, ड्रम फिरत होता, आणि त्या पोरीचा हात जुन्या मशीनच्या सवयीनं दाराकडे गेला.

"हात मागे!" मी अशी गरजले की ती जागच्या जागी थिजली. ड्रम थांबला. खालच्या नळीतून वाफाळतं पाणी भळाभळा वाहत राहिलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

मी तिचे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितले. धडधाकट होते. मग तिला मनसोक्त झापलं.