मंडईतले जांभळे लुगडे

मी एक जुने नऊवारी लुगडे आहे. रंग जांभळा, काठ लाल. म्हातारपणी रंग थोडा उडाला आहे, पण तोरा उडालेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

मित्रांनो, माझा जन्म आंधळगावच्या एका हातमागावर झाला. माझी मालकीण मंदाबाई तिच्या लग्नात मलाच नेसली होती. पुढे तिला पाचवारी पातळांची सवय लागली आणि मी लोखंडी पेटीत जाऊन पडले. अंधार, डांबरगोळ्यांचा वास आणि सोबतीला एक झुरळ. आपला जन्म फुकट गेला, असेच मला वाटे.

माझे नशीब उघडले ते कार्तिकात. दिवाळी सरली, लवकर येणारा हलका धान कापून झाला, की आमच्या भंडाऱ्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी माहेरी येतात, शिंगाड्यांचे ढीग लागतात, सोयरिकी जुळतात आणि भर दिवसा मैदानात दंडार रंगते. दंडार म्हणजे ढोलकीच्या तालावर गाणी आणि नाच. त्यातले बाईचे सोंग पुरुषच घेतो. मंदाबाईच्या नवऱ्याने, धनीरामने, ते सोंग घ्यायचे ठरवले तेव्हा तिने स्वतः मला बाहेर काढले आणि त्याला नेसवले. धनीराम म्हणजे बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, चिखलात राबणारा रांगडा गडी. पण मला नेसून त्याने गिरकी घेतली, की म्हाताऱ्या बायासुद्धा तोंडाला पदर लावून बघत राहायच्या. मग दर मंडईला तो आणि मी. खोटे कशाला बोलू, मला फार गर्व व्हायचा.

यंदा मात्र घात झाला. धनीरामच्या मुलाची, भुपेंद्रची, साकोलीच्या शुभांगीशी सोयरीक चालली होती. मुलगी त्याला मनापासून आवडली होती. तिचे वडील मधुकरराव तिला घेऊन मंडईच्याच दिवशी घर बघायला येणार होते. आदल्या दिवशी भुपेंद्र बापाला हळूच म्हणाला, "बाबा, यंदा नका नाचू जी. पावणे काय म्हणतील?"

धनीरामने माझी घडी पुन्हा पेटीत ठेवली आणि माझ्यावरून हात फिरवला. मित्रांनो, तो हात मला सहन झाला नाही.

पाहुणे आले, चहा झाला. पेटीत पडल्या पडल्या मी सारे ऐकत होते. तिकडे मैदानात ढोलकी वाजली आणि धानाच्या गोष्टी सांगणारा धनीराम बोलता बोलता मधेच अडखळू लागला. शेवटी मंदाबाई आत आली, तिने मला बाहेर काढले आणि मुलाला हाक मारली.

"हे माह्या लग्नाचं लुगडं हाय," ती म्हणाली. "तुह्या बापानं नेसलं त मले कधी लाज नाही वाटली. तुले काहून वाटते?"

भुपेंद्रने बापाला आत बोलावले आणि स्वतः माझ्या निऱ्या धरल्या. सोयरीक मोडते की काय, ही धास्ती त्याच्या मनात होतीच. त्याला निऱ्या काही जमत नव्हत्या, पण त्याने सोडल्या नाहीत. धनीराम मला नेसून पाहुण्यांसमोरून बाहेर पडला. मधुकरराव मुलीला घेऊन मागोमाग मैदानात आले.

धनीराम असा नाचला की काय सांगू! पण ऐन गिरकीत त्याचा पाय माझ्या काठावर पडला आणि मी टरकन फाटले. लोक खो खो हसले. धनीराम मला मुठीत धरून मैदानाच्या मधोमध उभा राहिला. भुपेंद्रला वर बघवेना.

तेवढ्यात बायांमधून शुभांगी उठली. ओढणीची पिन काढत ती सरळ मैदानात आली आणि धनीरामच्या पायाशी बसली.

"मामाजी, हलू नका," ती म्हणाली आणि माझा फाटलेला काठ तिने त्या पिनेने जोडला.

आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. लोकांचे हसणे तिथेच थांबले. मधुकररावांनी एकदा लेकीकडे पाहिले आणि ढोलकीवाल्याला हातानेच खूण केली, वाजव म्हणून.

मित्रांनो, जपायच्या नावाखाली आम्हाला पेटीत कोंडू नका. नेसा, नाचा, फाटलो तर टाका घाला. माझी फाट शिवायला मंदाबाई दुसऱ्याच दिवशी सुईदोरा घेऊन बसली होती. पण भुपेंद्रने ती पिन काही काढू दिली नाही.